‘सेव्ह’ या इंग्रजी क्रियापदाला मराठीत एकच प्रतिशब्द पुरेल का?

प्रश्न : अनुवादवही

नमस्कार. इंग्रजीतून मराठीत भाषांतर करणाऱ्या नवोदितांसाठी आम्ही काही जण मिळून एक शब्दसंग्रह तयार करत आहोत आणि त्यातील ‘सेव्ह’ या नोंदीपाशी काम अडले आहे. हा शब्द इतका रोजच्या वापरातला आहे की त्याचा अर्थ पाहण्यासाठी सहसा कोणी कोश उघडत नाही. नेमके त्यामुळेच भाषांतरांत त्याच्या जागी डोळे झाकून ‘वाचवणे’ लिहिले जाते. बुडणाऱ्याला वाचवणे, पैसे वाचवणे, वेळ वाचवणे येथपर्यंत ते निभते. पुढे मात्र ‘फाइल वाचवा’, ‘माझ्यासाठी जागा वाचव’, ‘ही तारीख वाचवा’, ‘चेहरा वाचवण्यासाठी त्याने राजीनामा दिला’ अशी वाक्ये दिसू लागतात आणि मूळ इंग्रजी वाक्य मनात उभे केल्याशिवाय वाचकाला ती उमगत नाहीत.

कोशांमध्ये या क्रियापदाचे अर्थ क्रमांक घालून दिलेले असतात, परंतु त्या अर्थांचे एकमेकांशी नाते काय, हे त्यांतून कळत नाही. म्हणून विचारते : या सर्व अर्थांच्या मुळाशी एखादी समान कल्पना आहे का? मराठी शब्द निवडताना वाक्यातील कोणत्या खुणेकडे पाहावे? आणि ‘प्रिझर्व्ह’ व ‘कन्झर्व्ह’ हे शब्द याच्या शेजारी आले, तर तिन्हींसाठी ‘जतन करणे’ लिहिणे योग्य ठरेल का? नुसती प्रतिशब्दांची यादी नको आहे; कारणांसह उत्तर मिळाल्यास नोंद नीट लिहिता येईल.

उत्तर : शब्दरेषा

समान कल्पना आहे, आणि ती व्युत्पत्तीतून स्पष्ट दिसते. लॅटिनमध्ये ‘साल्वुस’ म्हणजे धडधाकट, अखंड, धक्का न लागलेला. त्यापासून उत्तरकालीन लॅटिनमध्ये ‘साल्वारे’ हे क्रियापद झाले आणि जुन्या फ्रेंचमार्फत ते तेराव्या शतकात इंग्रजीत आले. ‘सेफ’, ‘सॅल्व्हेज’, ‘सॅल्व्हेशन’ हे शब्द याच कुळातले. तेव्हा ‘सेव्ह’चा गाभा ‘संकटातून सोडवणे’ इतका अरुंद नसून ‘एखादी गोष्ट अखंड राहील असे करणे’ हा आहे. तिला धोका कशापासून आहे, त्यानुसार अर्थ पालटतो : मृत्यूपासून असेल तर प्राण वाचवणे, खर्च होऊन जाण्यापासून असेल तर बचत, दुसऱ्या कोणी घेऊन टाकण्यापासून असेल तर राखून ठेवणे, पुसले जाण्यापासून असेल तर साठवणे.

भाषांतर करताना माझ्या मते सर्वांत उपयोगी खूण म्हणजे क्रियापदाचे कर्म. कृती पार पडल्यावर ते कर्म शिल्लक राहते की नाहीसे होते, हा प्रश्न प्रत्येक वाक्याला विचारावा. माणूस, इमारत, जागा, मजकूर ही कर्मे शिल्लक राहतात. ती शिल्लक राहावीत म्हणूनच कृती केलेली असते. याउलट ‘सेव्ह ट्रबल’मधला त्रास कोणी सांभाळून ठेवत नाही, तो घडूच नये हा हेतू असतो. म्हणजे एकच क्रियापद हव्या असलेल्या वस्तूलाही लागते आणि नको असलेल्या वस्तूलाही लागते. कोशकारांनी हा भेद पहिल्याच ओळीत सांगावा इतका तो मूलभूत आहे.

मराठीतील ‘वाचणे’ हे क्रियापदही या दोन्ही बाजू सहज पेलते, हे येथे आवर्जून नोंदवावेसे वाटते. ‘जीव वाचला’ यात जीव राहिला, ‘हेलपाटा वाचला’ यात हेलपाटा टळला. म्हणून ‘वाचवणे’ हा शब्द सरसकट वगळण्याचे कारण नाही. धोका किंवा खर्च यांपैकी काहीतरी वाक्यात असेल, तोवर तो चालतो. धोकाही नाही आणि खर्चही नाही, केवळ पुढच्या उपयोगासाठी बाजूला ठेवणे आहे, अशा ठिकाणी तो कोसळतो. तेथे जागा ‘धरून ठेवायची’, तारीख ‘मोकळी ठेवायची’ आणि शक्ती शेवटच्या टप्प्यासाठी ‘राखून ठेवायची’.

खेळाच्या वार्तांकनात नको असलेल्या कर्माची उदाहरणे विपुल मिळतात. फुटबॉलमधील गोलरक्षकाच्या नावावर ‘सेव्ह’ जमा होतो तो जाळ्यात जाणारा फटका त्याने अडवला म्हणून. आपल्याकडे ‘गोल वाचवला’ असे लिहिले जाते आणि ते रूढही आहे, पण ‘गोल अडवला’ हे अधिक नेमके, कारण गोल झालाच नाही. टेनिसमध्ये ‘मॅचपॉइंट वाचवला’ म्हणतात, तेव्हाही प्रतिस्पर्ध्याला सामना जिंकून देणारा तो गुण होऊ दिला नाही असा अर्थ असतो. बेसबॉलमध्ये मात्र ‘सेव्ह’ पहिल्या प्रकारात मोडतो : संघाची थोडकी आघाडी शेवटपर्यंत टिकवणाऱ्या बदली गोलंदाजाला तो मिळतो, आणि अमेरिकेतील प्रमुख साखळी स्पर्धांत 1969 पासून त्याची अधिकृत नोंद ठेवली जाते. येथे आघाडी शिल्लक राहते, म्हणून ‘टिकवणे’ हे क्रियापद शोभते.

दुसरी खूण शब्दयोगींची. ‘सेव्ह’नंतर ‘फ्रॉम’ आले तर ‘-पासून’ किंवा ‘-तून’ वाचवणे. ‘फॉर’ आले तर ‘-साठी’ राखणे अथवा साठवणे. ‘अप’ आले तर थोडे थोडे करून साठवत जाणे, पै पै जोडणे. ‘ऑन’पाशी मात्र हमखास फसगत होते. ‘सेव्ह ऑन फ्युएल’चे ‘इंधनावर वाचवा’ असे भाषांतर होते आणि त्यातून काहीच बोध होत नाही. ‘इंधनाची बचत करा’ किंवा ‘इंधनाचा खर्च कमी होतो’ असे संदर्भ पाहून लिहावे.

रचनेबद्दलही एक गोष्ट सांगणे आवश्यक वाटते. इंग्रजीत निर्जीव कर्ता आणि दोन कर्मे घेऊन हे क्रियापद ऐटीत उभे राहते : या यंत्राने मला एक तास वाचवला. मराठीला ही ठेवण परकी आहे. आपण कारण ‘-मुळे’ने सांगतो आणि क्रियापद अकर्मक ठेवतो : या यंत्रामुळे माझा एक तास वाचला. जाहिराती आणि माहितीपत्रके यांतील असंख्य वाक्ये एवढ्या बदलाने सुधारतील.

उत्तर : कलमबहाद्दर

वरील विवेचनात ‘सेव्ह’चा एक वापर राहिला आहे आणि कायद्याच्या भाषांतरात तोच सर्वाधिक आढळतो. तेथे ‘सेव्ह’ हे क्रियापद नसून त्याचा अर्थ ‘खेरीज’, ‘वगळता’ असा असतो. फ्रेंचमध्ये ‘सोफ’ म्हणजे सुरक्षित आणि ‘सोफ’ म्हणजेच ‘वगळून’. इंग्रजीने तोच धागा उचलला. एखाद्या गोष्टीला नियमाचा धक्का लागू न देणे म्हणजे तिला नियमातून वगळणे, असा हा अर्थविस्तार आहे. त्यामुळे ‘सेव्ह ॲज अदरवाइज प्रोव्हायडेड’ याचे भाषांतर ‘अन्यथा उपबंधित केले असेल ते खेरीज करून’ असे होते. जुना कायदा रद्द करताना त्याखाली आधीच झालेली कामे आणि निर्माण झालेले हक्क अबाधित राखणारे जे कलम अखेरीस येते, त्याच्या शीर्षकातील ‘सेव्हिंग्ज’ला विधी-मराठीत ‘व्यावृत्ती’ म्हणतात. तेथे ‘बचत’ लिहिलेले माझ्या पाहण्यात आले आहे. त्याने कलमाचा अर्थच नष्ट होतो.

मराठीतही असाच प्रवास दिसतो, हे मला फार महत्त्वाचे वाटते. ‘पाण्यावाचून’, ‘तुझ्यावाचून’ यांतले ‘वाचून’ आपण विना, खेरीज या अर्थाने वापरतो. 1962 च्या लेखननियमांपूर्वी ते ‘वांचून’ असे अनुस्वार देऊन लिहीत. जिवंत राहणे, निभावणे या अर्थाचे ‘वांचणें’ही तसेच अनुस्वारयुक्त होते, पुस्तक ‘वाचणें’ मात्र अनुस्वाराविना. अनुच्चारित अनुस्वार गेले आणि दोन निराळी क्रियापदे डोळ्यांना एकसारखी दिसू लागली. शब्दसंग्रहात ही टीप अवश्य द्यावी.

अनुवादवही

दोन्ही उत्तरांबद्दल मनःपूर्वक आभार. कर्म राहते की टळते, ही कसोटी नोंदीच्या आरंभीच घेत आहे. संगणकाच्या पडद्यावरील ‘सेव्ह’ आणि ‘प्रिझर्व्ह’–‘कन्झर्व्ह’ यांतील फरक याविषयी अजून कोणी लिहिलेले नाही. पडद्यावर ‘जतन करा’ आणि ‘सेव्ह करा’ अशी दोन्ही रूपे दिसतात. त्यांपैकी कोणते स्वीकारावे, याबाबत आमच्या गटात एकमत नाही.

उत्तर : दप्तरखाना

माझे काम जुनी कागदपत्रे आणि त्यांच्या डिजिटल प्रती सांभाळण्याचे आहे, त्यामुळे हे तिन्ही शब्द रोज हाताळावे लागतात आणि त्यांची सरमिसळ झाली की काय घोटाळा होतो, हेही दिसते.

आधी संगणक. लिहीत असताना मजकूर तात्पुरत्या स्मृतीत असतो आणि वीजपुरवठा तुटला की ती स्मृती रिकामी होते. ‘सेव्ह’ ही आज्ञा तो मजकूर कायमस्वरूपी साठवणीच्या माध्यमावर उतरवते. म्हणजे ‘अखंड राखणे’ हा मूळ अर्थ येथेही शाबूत आहे. या आज्ञेचे चिन्ह साडेतीन इंची फ्लॉपी हे आहे. सोनी कंपनीने 1981 मध्ये आणलेली ती तबकडी वापरातून गेली, तरी चिन्ह राहिले, कारण सेव्ह करण्याच्या क्रियेला स्वतःचे असे दुसरे चित्र कोणाला सापडले नाही. आता अनेक लेखनप्रणाली प्रत्येक बदल आपोआप साठवतात. तेथे ही आज्ञा नाहीशी होऊन ‘बदल सेव्ह झाले’ एवढी सूचना उरली आहे. भाषांतरकारासाठी हा फरक बारीक असला तरी खरा आहे : आज्ञा असेल तर ‘सेव्ह करा’, सूचना असेल तर ‘सेव्ह झाले’; कर्ता बदलला की रूप बदलले पाहिजे. ‘सेव्ह ॲज’ म्हणजे ‘म्हणून जतन करा’ नव्हे. ‘वेगळ्या नावाने सेव्ह करा’ असे लिहिले तरच नवी प्रत तयार होणार आहे आणि जुनी तशीच राहणार आहे, हे वापरणाऱ्याला कळते.

‘जतन’ आणि ‘सेव्ह’ यांत माझे मत स्पष्ट आहे. मराठीत ‘जतन’ या शब्दात दीर्घकाळ, काळजीपूर्वक, जिव्हाळ्याने सांभाळण्याची छटा आहे. अर्ध्या तासाने पुसून टाकायच्या टिपणासाठी तो शब्द वापरला की त्याचे वजन कमी होते, आणि ज्या कामाला तो खरोखर लागतो, तेथे मग दुसरा शब्द उरत नाही. म्हणून बटणावर ‘सेव्ह करा’ किंवा ‘साठवा’ असावे आणि ‘जतन’ हा शब्द ‘प्रिझर्व्ह’साठी राखावा. अर्थात ‘जतन करा’ हे पडद्यावर बऱ्यापैकी रुळले आहे. एखाद्या उत्पादनात ते आधीच असेल, तर सर्वत्र तेच ठेवणे हे दोन रूपे मिसळण्यापेक्षा बरे.

हा आग्रह केवळ शब्दांपुरता नाही. फाइल सेव्ह करणे ही क्षणात संपणारी क्रिया आहे. ती प्रिझर्व्ह करणे हे कधीच न संपणारे काम आहे. सेव्ह केलेली फाइल काही दशकांनी उघडायची असेल, तर तिच्या अनेक प्रती वेगवेगळ्या ठिकाणी ठेवाव्या लागतात, त्यांतील एखादा बिट बदलला आहे का हे गणिती पडताळणीने वेळोवेळी तपासावे लागते, साठवणीचे माध्यम जुने होण्याआधी मजकूर नव्या माध्यमावर हलवावा लागतो आणि फाइलचा प्रकार ओळखणारी प्रणाली नाहीशी होण्याच्या बेतात असेल, तर रूपांतरही करावे लागते. ‘सर्व दस्तऐवज जतन केले आहेत’ असे वाक्य अहवालात येते, तेव्हा त्यामागे बटण दाबणे आहे की हे सगळे काम आहे, हे वाचकाला कळायला हवे. दोन्हींना एकच शब्द वापरल्यामुळे एका कृतीला दुसरीचे श्रेय मिळते आणि खरे काम राहून जाते.

‘प्रिझर्व्ह’, ‘कन्झर्व्ह’, ‘रिझर्व्ह’ ही भावंडे ‘सेर्वारे’ या लॅटिन क्रियापदापासून आली. त्याचा अर्थ राखणे, पहारा देणे. ‘सेव्ह’चे कूळ वेगळे आणि स्वभावही वेगळा : त्यात तातडी आहे. इजिप्तमधील अबू सिंबेल येथील प्राचीन मंदिरांचे उदाहरण घ्या. आस्वानच्या उंच धरणामुळे नाईलचे पाणी चढून ही मंदिरे बुडणार होती. युनेस्कोने 1960 मध्ये नुबिया या नाईलकाठच्या प्रदेशातील स्मारके वाचवण्याचे जागतिक आवाहन केले आणि 1964 ते 1968 या काळात मंदिरे कापून, शिळाखंड वाहून नेऊन सुमारे 65 मीटर उंचावर पुन्हा उभी केली गेली. हे ‘सेव्ह’ : संकट होते, मुदत होती आणि काम कधीतरी पूर्ण होऊन संपले. त्यानंतर त्याच शिळांची झीज, वाळू आणि पर्यटकांची वर्दळ यांपासून काळजी घेणे हे ‘कन्झर्व्हेशन’, आणि त्याला अखेरची तारीख नाही.

वस्तुसंग्रहालयांच्या क्षेत्रात ‘कन्झर्व्हेशन’ हा छत्रीसारखा व्यापक शब्द मानतात. संग्रहालयांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेच्या संवर्धन समितीने 2008 मध्ये नवी दिल्लीच्या अधिवेशनात तसा ठरावच केला : त्याखाली प्रतिबंधक काळजी, बिघाड थांबवणारे उपचार आणि पुनःस्थापन हे तिन्ही येतात. याला ‘संवर्धन’ हा प्रतिशब्द चालतो. निसर्गाच्या संदर्भात मात्र जपून राहावे, कारण अमेरिकेत हे दोन शब्द दोन विरोधी भूमिकांची नावे झाले होते. तेथील वनखात्याचे पहिले प्रमुख गिफर्ड पिंचो यांच्या लेखी ‘कन्झर्व्हेशन’ म्हणजे नैसर्गिक साधनांचा शहाणपणाने, टिकून राहील असा वापर. निसर्गलेखक जॉन म्यूर यांच्या बाजूची ‘प्रिझर्व्हेशन’ची भूमिका म्हणजे निसर्ग त्याच्या मूळ रूपात अबाधित ठेवणे. योसेमिटी राष्ट्रीय उद्यानातील ‘हेच हेची’ नावाच्या खोऱ्यात धरण बांधावे की नाही, यावर हा वाद पेटला आणि 1913 मध्ये धरणाला परवानगी देणारा कायदा झाला. अशा मजकुरात दोन्हींसाठी ‘जतन’ किंवा दोन्हींसाठी ‘संरक्षण’ लिहिले, तर भांडण कशावरून होते, हेच वाचकाला कळणार नाही. तेथे ‘जपून वापर’ आणि ‘अबाधित राखणे’ असे उलगडून लिहावे.

उत्तर : ताळेबंद

थोडी भर घालतो. अर्थशास्त्रात ‘सेव्हिंग’ आणि ‘सेव्हिंग्ज’ या दोन वेगळ्या संज्ञा आहेत. पहिली म्हणजे ठराविक काळातील उत्पन्नातून खर्च वजा जाता जे उरते ते, म्हणजेच प्रवाह. दुसरी म्हणजे आजवर साठलेली रक्कम, म्हणजेच साठा. ‘बचत’ हा शब्द पहिलीला द्यावा आणि दुसरीला ‘साठलेली बचत’ अथवा ‘पुंजी’ म्हणावे. घड्याळे पुढे करण्याच्या ‘डेलाइट सेव्हिंग टाइम’मध्येही शब्द एकवचनी आहे, तरी बोलण्यात अनेकदा अनेकवचन ऐकू येते. जर्मनीने ही पद्धत 30 एप्रिल 1916 रोजी देशभर लागू केली. त्यात उजेड साठवला जात नाही, कृत्रिम दिव्यांचा खर्च टळावा हा हेतू असतो, तेव्हा ‘दिवसाच्या उजेडाचा पुरेपूर वापर’ हा आशय भाषांतरात यायला हवा.

भौतिकशास्त्रातील ‘कन्झर्व्हेशन ऑफ एनर्जी’ म्हणजे ऊर्जेची अक्षय्यता. तो निसर्गनियम आहे, माणसाने काही करण्याचा प्रश्न नाही. दिवे मालवून होते ती ऊर्जेची बचत. इंग्रजीत दोन्हीकडे ‘कन्झर्व्ह’ येऊ शकते आणि शालेय पुस्तकांच्या भाषांतरात नेमकी येथे गल्लत होते.

उत्तर : शब्दरेषा

वाक्प्रचारांचा मुद्दा पहिल्या उत्तरात राहिला होता. त्यांना वरील कसोट्या लागू पडत नाहीत; प्रत्येकाला मराठीतील तयार वाक्प्रचार शोधावा लागतो, आणि सुदैवाने तो बहुधा मिळतो. ‘सेव्ह युवर ब्रेथ’ला ‘तोंडाची वाफ दवडू नका’ यापेक्षा सरस भाषांतर संभवत नाही. ‘सेव्ह द डे’ला ‘वेळ निभावून नेली’ किंवा ‘बाजू सावरली’. ‘सेव्हिंग ग्रेस’ हा मुळात ईश्वरी कृपेविषयीचा धार्मिक शब्दप्रयोग. आज त्याचा अर्थ ‘तेवढीच एक जमेची बाजू’ असा आहे. ‘सेव्ह फेस’ हा प्रयोग चिनी भाषेतील चेहऱ्याच्या, म्हणजे लोकांतील प्रतिष्ठेच्या कल्पनेवरून एकोणिसाव्या शतकात चीनमधील इंग्रजांच्या बोलण्यात आला. मराठीत प्रतिष्ठा चेहऱ्यावर नव्हे, नाकावर असते. तरी येथे ‘अब्रू राखणे’ किंवा ‘लाज राखणे’ हेच योग्य. ‘गॉड सेव्ह द किंग’मधील क्रियापद आज्ञार्थी नसून इच्छा व्यक्त करणारे आहे, म्हणून ‘ईश्वर राजाचे रक्षण करो’.

ख्रिस्ती धर्मग्रंथांच्या मराठी परंपरेत या कुळातील शब्दांसाठी ‘तारण’ आणि ‘तारणारा’ हे शब्द स्थिरावलेले आहेत, तेव्हा धार्मिक मजकुरात तेच वापरावेत. मात्र ‘तारण’ म्हणजे कर्जासाठी गहाण ठेवलेली वस्तू असाही अर्थ व्यवहारात रूढ असल्याने शब्दसंग्रहात ही नोंद करताना संदर्भ कंसात नव्हे, तर उदाहरणाच्या पूर्ण वाक्यातून द्यावा.